गिब्सन ईएस-१७५ : वय कसे ठरवावे, आणि बदललेला पिकअप पूर्ववत करावा का?

मध्यलय

मंडळी, नमस्कार.

गेल्या महिन्यात मी एक जुनी गिब्सन ईएस-१७५ विकत घेतली आणि तिच्या वयाबद्दल माझ्या मनात शंका निर्माण झाली, म्हणून हा धागा. मी मिशिगनमध्ये राहतो. विकणारे गृहस्थ ऐंशीच्या पुढचे आहेत. गिटार त्यांच्या थोरल्या भावाची होती, आणि हे भाऊ लग्नसमारंभांत आणि नृत्यगृहांत वाजवणाऱ्या एका छोट्या वाद्यवृंदात होते. "ही अठ्ठावन्न सालची आहे, आत छापले आहे," असे त्यांनी मला सांगितले आणि ते त्यांना भावानेच सांगितलेले असावे. मात्र आतले लेबल केव्हाच निघून गेले आहे आणि त्याच्या जागी सुकलेल्या सरसाचा लंबगोल डाग तेवढा दिसतो.

हे मॉडेल ज्यांच्या परिचयाचे नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ईएस म्हणजे इलेक्ट्रिक स्पॅनिश. मांडीवर आडवी ठेवून वाजवायची ती हवाईयन आणि उभी धरून वाजवायची ती स्पॅनिश, असा भेद त्या काळी केला जात असे. हे मॉडेल १९४९ साली बाजारात आले तेव्हा त्याची किंमत १७५ डॉलर होती, आणि तोच आकडा त्याचे नाव झाला. पोकळ, सव्वासोळा इंच रुंद आणि व्हायोलिनसारखे बाक असलेले शरीर, एफ आकाराची दोन छिद्रे, तळहात वरच्या पडद्यांपर्यंत पोहोचावा म्हणून एका बाजूने काढलेली टोकदार खाच, आणि गळ्याच्या पट्टीवर जोडीजोडीने बसवलेले तिरके चौकोन अशी तिची ओळख सांगता येईल. सुरुवातीला तिच्यावर पी-९० नावाचा एकच पिकअप, म्हणजे तारांची थरथर विजेच्या रूपात टिपणारे चुंबकी साधन, असे. १९५३ मध्ये दोन पिकअपची ईएस-१७५डी आली आणि १९५७ पासून दोन्ही प्रकारांवर हंबकर, म्हणजे गुणगुण न उचलणारे दोन वेटोळ्यांचे पिकअप, बसू लागले.

माझ्या गिटारीवर गळ्यालगत एकच पिकअप आहे आणि तो हंबकर आहे, त्यामुळे अठ्ठावन्न साल पटण्यासारखे होते. पण घरी आणून उजेडात पाहिली तेव्हा पिकअपच्या काळ्या चौकटीच्या दोन्ही बाजूंना, साधारण बोटभर अंतरावर, हरभऱ्याच्या निम्म्या आकाराचा एकेक ठिपका दिसला. लाकडाचा भुसा आणि सरस भरून वर रंग लावल्यासारखे ते ठिपके आहेत. नख फिरवले की किंचित खळगा लागतो. हे काय असावे? आणि लेबल नसताना साल खात्रीने कसे सांगता येईल?

शिसव

आपण लिहिलेल्या दोन ठिपक्यांतच बरेचसे उत्तर आहे, पण त्याकडे नंतर येऊ. आधी आतले छापील अक्षर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, कारण विकणाऱ्यांनी ते पाहिले असेलच असे नाही.

लेबल हे डाव्या, म्हणजे जाड तारांच्या बाजूच्या छिद्रातून दिसते. त्याशिवाय १९५२ ते १९६१ या काळात गिब्सनच्या कालामाझूच्या कारखान्यात प्रत्येक तुकडीला एक क्रमांक देत आणि तो शाईने आतल्या बाजूला, पाठीच्या लाकडावर उमटवत असत. बहुतेक वेळा तो बारीक तारांच्या बाजूच्या छिद्रातून सापडतो. या क्रमांकाचे पहिले अक्षर म्हणजे वर्ष, आणि ती अक्षरे उलट्या क्रमाने जातात : १९५२ ला झेड, १९५३ ला वाय, १९५४ ला एक्स, १९५५ ला डब्ल्यू, १९५६ ला व्ही, १९५७ ला यू, १९५८ ला टी, १९५९ ला एस, १९६० ला आर आणि १९६१ ला क्यू.

दंतवैद्याकडे असतो तसा लहान आरसा आणि बारीक टॉर्च घ्या. आरशात आकडे उलटे दिसतील, पण वाय, एक्स, डब्ल्यू, व्ही, यू आणि टी ही सहा अक्षरे डावी-उजवीकडे सारखी असल्याने आरशातही जशीच्या तशी दिसतात, आणि नेमकी हीच १९५३ ते १९५८ ची अक्षरे आहेत. एक सावधगिरी मात्र बाळगा. शाई उडाली की वायचे वरचे दोन हात फिकट होतात आणि घाईत पाहणाऱ्याला तो टी वाटू शकतो. म्हणून टॉर्च सरळ न मारता तिरका धरा.

दुसरा पुरावा व्हॉल्यूम आणि टोनच्या नियंत्रकांवर असतो. त्यांच्या पाठीवर सहा आकडे ठोकलेले असतात. पहिले तीन उत्पादकाचे, चौथा वर्षाचा शेवटचा आकडा आणि उरलेले दोन आठवड्याचे. पहिले तीन १३४ असतील तर उत्पादक सेंट्रलॅब. पोकळ गिटारीतून हे नियंत्रक बाहेर काढायचे तर आधी प्रत्येकाच्या दांड्याला पक्का दोरा बांधा आणि मगच नट सोडवा. दोरा नसेल तर ते परत आपापल्या भोकात आणताना अख्खा दिवस जाईल.

जुनीवाद्ये

मी गेली बरीच वर्षे पन्नाशीच्या दशकातल्या आर्चटॉप, म्हणजे बाकदार फळीच्या, गिटारी जमवतो, म्हणून माझे मत आधीच नोंदवतो. ते ठिपके मला ओळखीचे वाटतात. पी-९० च्या आवरणाला दोन्ही टोकांना कानासारखे त्रिकोणी पंख असतात आणि प्रत्येक पंखातून एक स्क्रू थेट वरच्या फळीत जातो. हंबकरची चौकट त्यापेक्षा आखूड असल्याने त्या स्क्रूंची भोके तिच्याबाहेर उघडी पडतात. ती कोणीतरी बुजवली आहेत. आपली गिटार १९५७ च्या आधीची असून तिचा पिकअप नंतर बदलला गेला आहे, असे मी आरशाविनाही म्हणेन.

तसे निघाले तर माझा सल्ला असा की त्या काळचा पी-९० शोधून परत बसवावा. जमवणाऱ्यांच्या बाजारात, मूळ स्थितीतली गिटार आणि कापाकापी झालेली गिटार यांच्या किमतीत फार मोठी तफावत असते, आणि ती योग्यच आहे असे मी मानतो, कारण कारखान्यातून निघालेल्या अवस्थेतली वाद्ये दरवर्षी कमीच होत जाणार आहेत.

तबली

मी मिरजेत तंतुवाद्यांच्या दुरुस्तीचे काम करतो. सतार आणि तंबोरा हा आमचा धंदा, पण पुण्या-मुंबईहून गिटारीही येतात. मला एक प्रश्न विचारायचा आहे. या गिटारीची वरची फळी घन लाकडाची आहे की थरांची? आमच्याकडे तबलीला, म्हणजे वरच्या फळीला, एकसंध लाकूडच वापरतात. थरांच्या लाकडाची तबली लावलेले वाद्य कोणी जाणता घेणार नाही. मग ज्या वाद्यासाठी लोक एवढा जीव टाकतात ते प्लायवूडचे आहे असे मी वाचले, ते खरे आहे का?

शिसव

खरे आहे. माझ्या मते या वाद्याबद्दल समजून घेण्याची सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

गिब्सनची एल-५ किंवा सुपर ४०० घेतली तर तिची वरची फळी स्प्रूसच्या जाड लाकडातून कोरून काढलेली असते. मधे जाड, कडेला पातळ, आणि कोरणाऱ्याच्या हाताने ठरलेली. ती फार सहज थरथरते. विजेविना खोलीत वाजवायला यासारखे दुसरे सुख नाही. पण ड्रम आणि तुतारीच्या शेजारी आवाज वाढवला की स्पीकरमधून आलेला आवाज त्याच संवेदनशील फळीत शिरतो, पिकअप तो पुन्हा उचलतो, आणि काही क्षणांत वाद्य स्वतःहून घुमू लागते.

ईएस-१७५ ची वरची फळी, पाठ आणि कडा मेपलच्या थरांच्या आहेत. पातळ थर एकावर एक सरसाने चिकटवून, तापलेल्या साच्यात दाबून तो बाक दिलेला असतो. हे स्वस्तात पडावे म्हणून केले, यात लपवण्यासारखे काही नाही. पण थरांची फळी ताठ असते, कमी थरथरते, आणि त्यामुळे घुमण्याचा त्रास कमी होतो. स्वर उमटताना एक गोल, छोटा ठोका ऐकू येतो आणि मग स्वर लवकर ओसरतो. जॅझमध्ये चार-पाच स्वरांचे संघात (कॉर्ड) भराभर बदलत जातात, तिथे आधीच्या संघाताची शेपटी पुढच्यावर न सांडणे हा मोठा गुण ठरतो. पियानोवादक ऑस्कर पीटरसन यांच्या त्रयीत १९५३ ते १९५८ या काळात ड्रम नव्हते आणि तालाचा भार हर्ब एलिस यांच्या गिटारीवर होता. त्या काळातले त्यांचे वादन ऐकले की मी काय म्हणतो ते कळेल. एलिस यांचे नाव याच मॉडेलशी जोडलेले आहे.

तंबोऱ्याला दीर्घ आस, म्हणजे स्वराचे रेंगाळणे, हवी असते, म्हणून आपली एकसंध तबली तिथे बरोबर आहे. हे वाद्य आस आवरण्यासाठी घडले आहे. दोघांचे काम वेगळे आहे.

तबली

समजले. आस आवरणे हा गुण असू शकतो हे मी या दृष्टीने कधी पाहिले नव्हते. आमच्याकडे जवारी काढताना, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासताना, सगळा खटाटोप आस वाढवण्याचा असतो. यानंतर आर्चटॉप कामाला आली तर घोडीकडे मी वेगळ्या कानाने पाहीन. धन्यवाद.

मध्यलय

आरसा लावला. उत्तर मिळाले.

पहिल्यांदा पाहिले तेव्हा मलाही टीच दिसला. एक उभी रेघ, वर फिकट आडवेपणा. मग टॉर्च उजवीकडच्या छिद्रातून अगदी आडवा धरला तेव्हा शाईने लाकडात ठेवलेली चमक दिसू लागली, आणि आडवी रेघ प्रत्यक्षात दोन तिरक्या हातांची असल्याचे स्पष्ट झाले. वाय. म्हणजे १९५३.

नियंत्रकही काढले. आपण सांगितल्याप्रमाणे दोरा बांधला होता, तरी एक आत घरंगळलाच, पण दोऱ्यामुळे तो ओढून आणता आला. दोन्हींवर १३४ आहे आणि त्यानंतरचा आकडा ३. जोडाचे झाळणे जुने, काळवंडलेले आणि एकसारखे आहे. पिकअपची तार मात्र वेगळ्या, चकचकीत झाळणाने जोडलेली आहे.

पिकअपही उचलून पाहिला. त्याच्या पाठीवर एक काळे छोटे स्टिकर आहे आणि त्यावर पेटंट क्रमांक आहे : २७३७८४२. याचा अर्थ तो १९५३ च्या जवळपासचा आहे का?

शिसव

नाही, आणि या क्रमांकाची हकिगत मोठी विलक्षण आहे.

हंबकर हा सेथ लव्हर यांचा शोध. एकाच वेटोळ्याचा पिकअप आसपासच्या विजेची गुणगुण स्वरांसोबत उचलतो. लव्हर यांनी दोन वेटोळी अशा रीतीने जोडली की दोन्हींनी उचललेली गुणगुण एकमेकींना रद्द करते आणि तारांचा स्वर मात्र दुप्पट होतो. पेटंटचा अर्ज १९५५ मध्ये गेला आणि पेटंट १९५९ मध्ये मिळाले. दरम्यानच्या काळातल्या पिकअपवर 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशा अर्थाचे स्टिकर असे. तेच पीएएफ (पेटंट अप्लाइड फॉर), ज्याच्यासाठी आज जमवणारे वेडे होतात आणि ज्याची खोटी स्टिकरे मुबलक मिळतात.

पेटंट मिळाल्यानंतरही काही काळ जुनेच स्टिकर वापरात राहिले, आणि १९६२ च्या सुमारास क्रमांकाचे स्टिकर आले. पण हंबकरचा खरा पेटंट क्रमांक २८९६४९१ आहे. आपल्याकडे जो क्रमांक आहे तो गिटारवादक लेस पॉल यांच्या नावावर असलेल्या तारा अडकवण्याच्या पट्टीच्या पेटंटचा आहे! तो चुकीने छापला की नक्कल करणाऱ्यांना चकवण्यासाठी, यावर आजही वाद होतो. आपल्या दृष्टीने निष्कर्ष एवढाच की हा पिकअप १९६२ किंवा त्यानंतरचा आहे, आणि तो अस्सल गिब्सनचा असावा.

म्हणजे चित्र असे उभे राहते. १९५३ मध्ये कालामाझूत पी-९० सह तयार झालेली गिटार, दहा-एक वर्षे वाजवल्यानंतर, त्या भावांनी किंवा त्यांच्या ओळखीच्या कोणी दुरुस्तीदाराने तिला हंबकर बसवला. नृत्यगृहातले दिवे आणि जुने वायरिंग यांत पी-९० किती गुणगुणतो हे ज्याने अनुभवले आहे त्याला कारण विचारावे लागणार नाही.

जुनीवाद्ये

माझा अंदाज खरा ठरला याचा आनंद आहे, पण माझे मत बदललेले नाही. १९५३ ची गिटार ही १९५३ ची असावी. पी-९० चा आवाज अधिक उघडा असतो, त्यात थोडी धार असते, आणि पहिल्या आठ वर्षांतल्या ईएस-१७५ चा तोच खरा स्वभाव आहे. काळ्या आवरणाचे जुने पी-९० अजून मिळतात. ते बसवताना नव्याने काही कापावे लागत नाही, आणि ते दोन ठिपके पुन्हा पंखांखाली झाकले जातील.

रात्रपाळी

मी जमवणारा नाही. पुण्यात वाजवतो, तेही संध्याकाळी नोकरीनंतर. तरी या चर्चेत एक गोष्ट राहून जाते आहे असे वाटते.

जॅझ गिटारवादक जिम हॉल यांची ईएस-१७५ ही हॉवर्ड रॉबर्ट्स यांच्याकडून जुनी घेतलेली होती. तिच्यावरही एकच पी-९० होता, आणि पुढे त्यांनी तो काढून त्या जागी हंबकर बसवला. म्हणजे मध्यलय यांच्या गिटारीचे जे झाले तेच. जो पास यांना १९६३ मध्ये एका चाहत्याने ईएस-१७५ भेट दिली, कारण स्वतःची चांगली जॅझ गिटार घेण्याची त्यांची परिस्थिती नव्हती. रॉक गिटारवादक स्टीव्ह हाउ यांनी १९६४ मध्ये लंडनमध्ये घेतलेली ईएस-१७५डी पुढे रॉकच्या मोठमोठ्या मंचांवर नेली. या मॉडेलची कीर्ती अशा लोकांनी उभी केली. हातात पैसा आला म्हणून काचेच्या कपाटात ठेवणाऱ्यांनी ती उभी केलेली नाही. जुनीवाद्ये यांच्याबद्दल मला आदर आहे आणि हे त्यांना उद्देशून नाही, पण एका कामकरी वादकाने विचारपूर्वक केलेला बदल हा 'बिघाड' मानला जाऊ नये असे मला मनापासून वाटते.

जाता जाता आणखी एक. आपल्याकडे ब्रिजभूषण काब्रा यांनी ज्या वाद्यावर राग उभे केले ती गिब्सनचीच आर्चटॉप, सुपर ४०० होती. तारा उंच केलेल्या, आणि मांडीवर आडवी ठेवलेली. तिला कोणी 'मूळ स्थितीत आणा' म्हणाले असते तर?

जुनीवाद्ये

काब्रांचे उदाहरण मान्य आहे, आणि हॉल यांचेही. पण त्या दोघांनी काय बदलले आणि का, हे आपल्याला ठाऊक आहे. बाजारात येणाऱ्या बहुसंख्य बदललेल्या गिटारींबाबत ते कोणालाच ठाऊक नसते, आणि मग १९५३ ची गिटार १९५८ ची म्हणून विकली जाते, जसे इथे अजाणतेपणी झाले. माझा आग्रह मूळ स्थितीसाठी आहे तसाच तो खऱ्या नोंदीसाठीही आहे.

मध्यलय

या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे.

एक व्यावहारिक प्रश्न. पुढच्या वर्षी काही महिने पुण्यात राहायचा विचार आहे आणि गिटार सोबत न्यायची आहे. पट्टी ब्राझिलियन रोझवूडची आहे. पावसाळ्याचीही धास्ती वाटते.

शिसव

ब्राझिलियन रोझवूड १९९२ पासून साइट्स, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या, कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे सर्वांत कडक बंधनाखाली. वाद्य त्यापूर्वीचे असले तरी देशाची सीमा ओलांडताना कागद लागतात. अमेरिकेत वन्यजीव विभाग वैयक्तिक प्रवासासाठी वाद्याचे प्रमाणपत्र देतो, त्यासाठी बरेच आधी अर्ज करावा. आपल्याकडे आता तुकडी क्रमांकाचे आणि नियंत्रकांवरच्या आकड्यांचे छायाचित्र आहे, ते वयाचा पुरावा म्हणून जोडा. साठीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून गिब्सनने आपल्या सह्याद्रीतही वाढणारा भारतीय शिसव वापरायला सुरुवात केली. त्यावर २०१७ मध्ये निर्बंध आले होते, पण तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीस सूट मिळाली. ती सूट ब्राझिलियन लाकडाला लागू नाही, हे ध्यानात असू द्या.

पावसाळ्याबद्दल फार काळजी नको. थरांच्या फळीचा इथेही फायदा होतो, कारण एकाआड एक आडवे-उभे रेषे असल्याने ती सहसा चिरत नाही. खरी काळजी सेल्युलॉइडची घ्या. कडेची पांढरी पट्टी जुनी झाली की आक्रसते, आणि कुजायला लागली की तिच्यातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने जवळचा धातू गंजतो. गिटार बंद पेटीत महिनोन् महिने ठेवू नका. खुंट्यांची प्लास्टिकची बटणे कशी आहेत?

तबली

पुण्यात आलात की मिरजेला अवश्य या. मला ती हातात घेऊन पाहायची आहे.

मध्यलय

जरूर येईन.

बटणांपैकी चार ठीक आहेत. दोन आक्रसून मनुक्यासारखी झाली आहेत आणि बोट लावले की भुकटी सुटते. तेवढी बदलून घेणार आहे, जुनी एका डबीत ठेवीन.

पिकअपचे मी असे ठरवले आहे. काल रात्री विकणाऱ्या गृहस्थांना फोन करून १९५३ चे सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले की भावाने ती नवीन घेतली नव्हती हे त्यांना आठवते, आणि एका हिवाळ्यात ती काही आठवडे घरात नव्हती, परत आली तेव्हा "तिची भुणभुण थांबली होती." हे ऐकल्यावर हंबकर काढण्याचा विचार मी सोडून दिला. तो वाजतोही सुंदर.

जुनीवाद्ये यांचा आग्रहही पाळतो आहे. एका जाड कार्डावर शाईच्या पेनाने मराठीत आणि इंग्रजीत लिहिले आहे : तुकडी क्रमांकानुसार १९५३, नियंत्रक मूळचे, पिकअप १९६२ नंतरचा, पी-९० च्या जागी बसवलेला, पंखांच्या स्क्रूंची दोन भोके बुजवलेली, दोन बटणे बदलली, जुनी डबीत. कार्ड पेटीच्या आत, तारा ठेवायच्या कप्प्यात टाकले आहे.